खेमाजीचा अंगठा आणि घाटावरचे रांजण

फार फार मागची गोष्ट. तेव्हा गाढवं बोलत असत, आणि माणसं आजच्यासारखीच ऐकत नसत.

एका नदीच्या काठी कुंभारांचं गाव होतं. गावाच्या डोक्यावर एक उघडाबोडका घाट. घाटाच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. चढून उतरायला पुरता एक दिवस लागे, आणि साऱ्या वाटेवर सावलीला झाड नव्हतं. अगदी माथ्यावर एक झरा होता. तो होळीपर्यंत वाहायचा आणि मग असा आटायचा, की दगड चाटला तरी जीभ ओली होऊ नये. म्हणून झरा वाहता असतानाच माथ्यावरच्या पाणपोईचे मोठाले रांजण भरून ठेवत आणि ते पाणी पावसाळा लागेपर्यंत पुरवत. मिठाचे बैल हाकणारे, माहेरी निघालेल्या पोरी, तीर्थाला जाणारे म्हातारे, सगळे त्या रांजणांच्या भरवशावर घाट चढत. रांजण धड, तर वाट जिवंत. रांजण गेले, तर वाट मेली. लहानथोर सगळ्यांनी एवढं ध्यानात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्या रांजणांवरच उभी आहे.

रांजण घडवायचं काम या कुंभारगावाचं. आणि नदीच्या मातीत एक खोट होती. तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असत, हरभऱ्याएवढे. ओल्या मातीत तो खडा मुकाट बसून राहतो. भट्टीत भाजून निघतो, तरी मुकाट. पण रांजणात पाणी भरलं, की भाजलेला खडा ओल पिऊ लागतो, आतल्या आत फुगतो आणि एक दिवस रांजणाची कूस फोडून बाहेर येतो. चिकट माती चाळायची सोय नाही. मग खडा शोधायचा कशानं? पायानं. माती तुडवणारा चिखलात उतरे आणि उजव्या पायाचा अंगठा फिरवत फिरवत एकेक खडा हुडकून बाहेर फेकी. त्या अंगठ्याला गावात ‘डोळा’च म्हणत.

मोठ्या रांजणांची माती तुडवायला ज्याला निवडत, त्याच्या पायाची पूजा होई. बायका पाऊल धूत, अंगठ्याला हळदकुंकू लावत आणि त्याचं नख चंद्रकोरीसारखं गोल कापत, दोन्ही कोपरे खोल आत घेऊन. असं का? तर दिसायला छान दिसतं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. बऱ्याच चालीरीतींना नसतंच. मग गाव त्याला चढाव, म्हणजे टोकदार, घट्ट कातडी जोडे, नजर करी, डोळ्याला ठेच लागू नये म्हणून. आधीचे तुडवणारे शहाणे होते. पूजा आटोपली की ते चढाव खुंटीला टांगत, नख वाढेल तसं वाढू देत आणि अनवाणी फिरत.

त्या वर्षी मान मिळाला खेमाजीला. आणि खेमाजीला चढाव फार आवडले.

वाईट माणूस नव्हता तो. हाताला चांगला, जिभेला गोड. पण लहानपणी आई गेलेली, घरची ओढाताण, पंगतीत कायम शेवटच्या पानावर बसलेला. आता बाजारातून जाताना लोक वाकून त्याच्या पायाकडे बघत. तो चढाव घालून शेतावर जाई, देवळात जाई, चुलीपुढे जेवायला बसतानाही काढायला त्याच्या जिवावर येई. नखाची चंद्रकोर मोडू नये म्हणून ते जरा वाढलं, की नराणी घेऊन बसे. नराणी म्हणजे न्हाव्याकडे असते ती नखं काढायची बारीक पटाशी. तिनं तो कोपरे पुन्हा आत घेई, आधीपेक्षा जरा जास्तच खोल.

एक दिवस अंगठ्याची कड ठणकली. खेमाजीनं बघितलं. कोपऱ्यापाशी मांस लाल होऊन नखावर चढलं होतं. त्यानं नराणी खुपसली, टोचणारा कोपरा उकरून काढला आणि काय सांगावं, जीव असा थंड झाला!

तो थंडावाच वैरी ठरला. काही दिवसांनी कड पुन्हा ठणकली. त्यानं पुन्हा उकरलं. पुन्हा बरं वाटलं. दर खेपेला बरं वाटायचं, आणि दर खेपेला ठणका आधीपेक्षा लवकर परतायचा.

त्याचं दुखणं सगळ्यात आधी त्याच्या गाढवाला कळलं. गाढव रोज त्याच्या मागून चालायचं. मालकाचं पाऊल कसं पडतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

“मालक,” गाढव म्हणालं, “माझे खूर कापायला तुम्ही माणूस बोलावता, तेव्हा त्याला काय सांगता?”

“सरळ काप म्हणून सांगतो. कडा खाल्ल्यास तर जनावर लंगडं होईल.”

“मग स्वतःचं नख काय वाकड्या मापाचं आहे?”

“गाढवाला काय कळतं पूजेतलं!” खेमाजी म्हणाला.

“नाहीच कळत,” गाढव म्हणालं. “मला लंगडणं तेवढं कळतं.”

खेमाजीनं त्याच्या पाठीवर एक थापटी दिली आणि विषय संपवला.

मग त्याची बायको बयजा हिला कळलं. चढाव उन्हात ठेवायला उचलले, तर आतल्या बाजूला पिवळा डाग आणि आंबूस वास. ती तशीच ते हातात घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

“हे काय आहे?”

“काही नाही. नखुरडं झालं असेल जरासं.”

“जरासं? अहो, हा पू आहे. नदीपलीकडे वैदीणबाई बसल्यात, त्यांना दाखवून या. घटकाभराचं काम.”

“पूजलेलं पाऊल वैदिणीच्या मांडीवर ठेवू? गावभर होईल. म्हणतील, खेमाजीचा डोळा गेला. मग उद्या मातीत भानजी उतरेल.” भानजी त्याचा चुलतभाऊ, मानासाठी टपून बसलेला.

“उतरू दे की एक वर्ष.”

“तुझं काय जातंय सांगायला!”

बयजा गप्प झाली. पुढं जन्मभर ती म्हणायची, मी तेव्हा ओरडायला हवं होतं, दारात उभं राहून अख्ख्या आळीला ऐकवायला हवं होतं. पण घरातल्या बायकांना गप्प बसायची सवय लावलेली असते, आणि सवय ऐनवेळी सुटत नाही.

तिसरी ती आक्का. खेमाजीची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. नवरा गेल्यावर तिनं घाटमाथ्यावरची पाणपोई घेतली. वरच झोपडी, वरच चूल. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजायचं आणि त्याच्याकडून चार शब्द ऐकायचे, हा तिचा संसार. वर्षातून एकदा, माती तुडवायच्या आधी, ती गावात उतरे. त्या वर्षीही उतरली. भावाला आळीतून येताना लांबूनच बघितलं आणि जागेवर थांबली.

“काय रे, नव्या नवरीसारखा चालायला लागलास?”

“चढाव नवे आहेत आक्का. चावतात जरा.”

“चावतात तर काढ. चावरं कुत्रं कुणी कडेवर घेऊन मिरवतं का?”

“गावानं दिलेत.”

“आणि पाय? तोही गावानंच दिलाय वाटतं! बस खाली, बघू दे अंगठा.”

अंगणात चार माणसं बसली होती. त्यात भानजीही होता. खेमाजीच्या मनात आलं, बसावं. बसून पाय पुढं करावा, लहानपणी काटा रुतला की करायचा तसा. आक्काच्या हाताला राग नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. पण त्यानं अंगणाकडे बघितलं आणि हसून म्हणाला, “मी काय लहान पोर आहे का आता?”

आक्कानं त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग बोचकं उचललं.

“बरं बाबा, मोठा झालास. रांजण तेवढे नीट कर. वर माझ्याजवळ दुसरं काही नाही.”

माती तुडवायचा दिवस आला. ढोल वाजले. खेमाजी चिखलात उतरला आणि पहिल्याच पावलाला त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ठणका अंगठ्यातून निघाला तो थेट कमरेपर्यंत. त्यानं ओठ दाबले आणि भार टाचेवर घेतला. लोकांना काय दिसणार? चिखलात पोटऱ्यांच्या खालचं कुणाला दिसत नाही.

टाचेनं माती तुडवता येते. टाचेनं खडा शोधता येत नाही.

मधेच एकदा टाचेखाली काहीतरी आलं आणि निसटलं. खेमाजी थांबला. खडा असेल? की मुळाचा तुकडा? हुडकायचं तर अंगठा फिरवायला हवा. त्यानं अंगठा जरासा टेकवला आणि असा झटक्यानं वर घेतला, की चिखल तोंडावर उडाला. लोक हसले. तोही हसला. “झाली माती,” तो म्हणाला.

बाळांनो, त्याला दुखत होतं, हा काही त्याचा गुन्हा नव्हता. दुखणं कुणालाही होतं. “झाली माती” म्हणाला, तो गुन्हा.

त्या मातीचे रांजण झाले. थापटून थापटून पोटं फुगवली, भट्टी लावली, रांजण लालबुंद होऊन बाहेर आले. बोटानं टिचकी मारली की घंटेसारखे वाजत. गावानं खेमाजीच्या नावानं नारळ फोडला. बैलगाड्या घाटाच्या पायथ्यापर्यंत गेल्या, पुढं माणसांनी कावडीवर घालून रांजण वर चढवले. आक्कानं एकेकाला हात लावून पाहिला, झऱ्याचं पाणी भरलं, वर झाकणं ठेवली. होळी झाली. झरा आटला. ऊन चढू लागलं.

आणि मुकाट बसलेले खडे जागे झाले.

आधी एका रांजणाच्या पोटावरून खपली निघाली, आत चुन्याचा पांढरा ठिपका. मग दुसऱ्याच्या. आक्कानं ठिपक्यांवर मेण लावलं, डिंक लावला, लुगडं फाडून आवळून बांधलं. पण खडा आतून फुगत होता, बाहेरच्या बांधण्यानं काय होणार? एक रांजण तडकला. तिनं त्यातलं पाणी घागरीनं दुसऱ्यात नेलं. दुसरा तडकला. त्यातलं तिसऱ्यात. तहानलेली जमीन पाणी पीत राहिली आणि म्हातारी बाई घागर घेऊन एका रांजणाकडून दुसऱ्याकडे धावत राहिली.

शेवटचं पाणी तिनं एका बाळंतिणीला पाजलं. तान्हं घेऊन ती सासरी निघाली होती. त्या बाईनंच पुढं सगळ्यांना सांगितलं. आक्का तिला म्हणाली होती, “तू उतर सावकाश. मागून मिठाचे तांडे यायचेत, त्यांच्यापुरतं पाणी मी आणते.” आणि घागर काखेला लावून ती पलीकडच्या उतारावरच्या डोहाकडे निघाली. खोल, लांबचा डोह. डोक्यावर चैत्राचं ऊन.

खाली गावात खबर आली ती तांडेवाल्यांकडून. “पाणपोई कोरडी पडलीय. रांजणांच्या खापऱ्या झाल्यात. म्हातारी कुठं दिसत नाही.”

खेमाजी उठला आणि धावायला गेला. चार पावलांत कोलमडला. अंगठा आता लिंबाएवढा सुजला होता. गाव त्याच्या पुढून पळत घाटाकडे गेलं आणि तो, त्या बाईनं वाढवलेला तिचा एकुलता भाऊ, आळीत मातीत बसून राहिला. शेवटी बयजानं गाढव आणलं आणि त्याला वर बसवलं. त्या दिवशी गाढव एक शब्द बोललं नाही.

तो माथ्यावर पोचला तोवर लोकांनी आक्काला आणून झोपडीपुढं ठेवलं होतं. डोहावरून वर येताना ती करवंदीच्या एका जाळीखाली बसली होती, ती उठलीच नाही. शेजारी घागर होती. काठोकाठ भरलेली. ओठ वाळून चिरले होते, पण तिनं त्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं. पाणी पाणपोईचं होतं ना.

खेमाजी गाढवावरून उतरला. चारी बाजूंना खापऱ्या पडल्या होत्या. त्यानं एक उचलली. काठावर चुन्याचा डाग होता, हरभऱ्याएवढा.

भानजीच म्हणाला, “नदीची मातीच या साली वाईट. तुझा काय दोष?”

बघा, वाट मोकळी होती. त्याचा वैरी त्याला वाट करून देत होता. खेमाजीनं खाली बसून उजव्या पायावरची चिंधी सोडली आणि पाय सगळ्यांपुढं केला. काळानिळा, पू भरलेला अंगठा. वास आला तशी पुढची माणसं मागे सरली.

“माती चांगली होती,” तो म्हणाला. “मी टाचेनं तुडवली. मला कळत होतं.”

कुणी शिवी दिली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

क्रियाकर्म झाल्यावर बयजा त्याला नदीपार घेऊन गेली. वैदीणबाई म्हातारी होती, तोंडाची फाटकी. तिनं अंगठा हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे कुणी उकरलं?”

“मीच.”

“कोपरा खोल कापलास, की शेजारचं मांस त्या रिकाम्या जागेत येऊन बसतं. मग नख वाढतं, त्याला पुढं वाट नसते, ते मांसात घुसतं. तू उकरतोस तेव्हा वरचा तुकडा निघतो आणि खाली बारीक टोक उरतं, काट्यासारखं. बरं वाटतं, कारण काटा थोडा मागे सरलेला असतो. नख वाढलं की तोच काटा घेऊन पुन्हा आत. त्यात हे असले चढाव, बोटं एकमेकांवर चिरडणारे. नखानं जायचं तरी कुठं?”

तिनं कोमट पाण्यात मीठ घालून पाय बराच वेळ भिजवला. पू वाहू दिला. धारदार सुरी जाळावर धरली, निववली आणि कडेची नखाची एक पातळ पट्टी, आत रुतलेल्या टोकासकट, काढून घेतली. खेमाजीनं दातांखाली धरलेलं फडकं फाटलं.

“आता रोज मिठाचं कोमट पाणी. मग पाय कोरडा करायचा. बोटं मोकळी राहतील अशी वहाण घालायची. नख बोटाच्या टोकाबरोबर सरळ कापायचं, कोपरे बाहेर दिसले पाहिजेत. लाली पावलावर चढली किंवा ताप आला, तर घरी बसू नकोस, इकडे ये. आणि ज्याच्या पायाला स्पर्श कळत नाही, जखम भरत नाही, त्यानं तर आपल्या हातानं नख उकरायचंच नाही.”

“आणि सुरुवातीलाच आलो असतो तर?” खेमाजीनं विचारलं.

वैदीणबाई हात धूत होती. “मग सुरी कशाला लागली असती? मिठाचं पाणी आणि नखाच्या कडेखाली सरकवायला कापसाची एक बारीक वात. रोज बदलायची. नख आपोआप वर उचलून बाहेर वाढलं असतं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

खेमाजी तिथंच, परक्या बाईच्या ओसरीवर, तोंड झाकून रडला. आक्काला जाळलं तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं. ते आता आलं. एक वात कापसाची आणि मूठभर मीठ, एवढ्यावर भागलं असतं.

पाय बरा झाला. पुढच्या साली गावानं चंद्रकोरीची रीत बंद केली आणि चढावांचीही. मातीत भानजी उतरला. त्याचं नख सरळ कापलं होतं आणि पूजेच्या आधी बायकांनी त्याचं पाऊल उलटंसुलटं करून नीट बघितलं. काठावर खेमाजी बसला होता. “थांब, फिरव, अंगठा फिरव,” असं सांगत होता. भानजीला त्याचा कधी राग आला नाही. ते रांजण टिकले.

पण घाट काही पहिल्यासारखा झाला नाही. एकदा कोरडी पडलेली पाणपोई लोकांच्या मनातून उतरली होती. मिठाचे तांडे लांबच्या खिंडीतून जाऊ लागले. गावच्या लेकी माहेरी येईनाशा झाल्या, कारण आयाच निरोप धाडत, नको गं, उन्हात वरती पाणी असेल नसेल. वर नवी बाई बसवली होती, भली होती. तिचे भरलेले रांजण पावसाळ्यापर्यंत भरलेलेच राहत.

खेमाजी दर उन्हाळ्यात वर जाई. ती बाई त्याच्या ओंजळीत पाणी ओती. तो ओंजळ तोंडापर्यंत नेई, तिथंच थांबे, आणि मग सगळं पाणी हळूच जमिनीवर सोडून देई. ती बाई बिचारी दर वर्षी विचारायची, “काय हो, पाणी गोड नाही का?”

“गोड आहे,” तो म्हणायचा, आणि तहानलेलाच घाट उतरायचा.

बोध: दुखणं लहान असतानाच दाखवावं, लाजेनं लपवलेलं दुखणं आतल्या आत वाढतं, आणि फुटतं तेव्हा आपल्या माणसाचा जीव घेऊन फुटतं.